सीपीयू कूलर कसा निवडावा : बेळगाव, निपाणी, अथणी, खानापूरकडच्या घरांसाठी आणि दुकानांसाठी

मार्च उजाडला की आपल्याकडे कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एकाच प्रकारच्या तक्रारी यायला लागतात. व्हिडिओ एक्सपोर्ट करताना मशीन मध्येच मंद होतं, फॅनचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो, दुपारी तीनच्या सुमाराला आपोआप बंद पडतं. मग कोणी सांगतं प्रोसेसरवरचा (म्हणजे सीपीयूवरचा) कूलर बदला, कोणी सांगतं तीन फॅनचा लिक्विड कूलर घ्या. इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्या २०-२५ अंशांच्या थंड खोलीत केलेल्या असतात. अथणीत किंवा रायबागेत एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो, वडगावात घरातच माग चालू असतो, उद्यमबागेत शेजारी फाउंड्री असते. म्हणून कूलर निवडताना प्रोसेसरच्या आधी आपली खोली आणि आपलं कॅबिनेट बघायचं. सुरुवात तिथूनच करू.

आधी मोजा

नवा कूलर हवाच आहे का, हे मोजल्याशिवाय ठरवू नका. विंडोजवर तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो६४ हे फुकट सॉफ्टवेअर टाका, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. सोबत सिनेबेंच आर२३ घ्या, ते प्रोसेसरवर पूर्ण भार टाकतं. घरातला साधा थर्मामीटर टेबलावर ठेवा. चाचणी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान करायची आणि दारं-खिडक्या रोज असतात तशाच ठेवायच्या. रात्री थंड वेळेला केलेली चाचणी मे महिन्यात उपयोगाची नाही.

सिनेबेंच सगळ्या कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर) दहा मिनिटं चालू द्या आणि चार आकडे लिहून ठेवा : खोलीचं तापमान, सीपीयू पॅकेजचं तापमान, पॅकेज पॉवर म्हणजे प्रोसेसर प्रत्यक्षात किती वॅट ओढतोय ते, आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'च्या ओळीत 'येस' येतंय का. थ्रॉटलिंग म्हणजे उष्णता हद्दीला टेकल्यावर प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीत ही हद्द साधारण १०० अंश सेल्सिअस आहे, रायझन ५६०० ला ९०-९५ च्या घरात, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांना ९५ आणि ७८००एक्स३डीला ८९.

रायझन ७६००एक्स, ७७००एक्स, ७९५०एक्स हे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जातात आणि ते तसे बनवलेलेच आहेत, असं एएमडी स्वतः सांगते. कूलरला जितकी ताकद, तितका वेग वाढवत ते त्या हद्दीपर्यंत चढतात. तेव्हा तिथे ९५ दिसला म्हणून घाबरून खर्च करू नका. कामाचा वेग पडतोय का आणि आवाज सहन होतोय का, ते बघा.

बाकीच्या प्रोसेसरांसाठी माझा हिशेब असा आहे. भर दुपारी, पूर्ण भारावर ८० च्या आत राहत असेल तर कूलरचा विषय सोडून द्या. ८० ते ९० असेल तर आधी साफसफाई करा, पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला आणि परत मोजा. थ्रॉटलिंग होतच राहिलं तर पुढे वाचा.

त्याआधी एक बिनपैशाची परीक्षा घ्या. कॅबिनेटचा डावा पत्रा किंवा काच काढून तीच चाचणी परत चालवा. तापमान आठ-दहा अंशांनी खाली आलं तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटला श्वास घेता येत नाही. पुढच्या बाजूला सलग काच लावलेली कॅबिनेटं दिसायला छान असतात, पण हवा आत जायला कडेला बोटभर फटच ठेवलेली असते. अशा कॅबिनेटात पाच हजारांचा कूलर बसवला तरी तो तीच गरम हवा घुसळत राहतो. तिथे जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट किंवा पुढे दोन फॅन एवढाच खर्च करायचा.

खोली किती गरम, तेवढी भर

कूलर गारवा तयार करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता खोलीच्या हवेत सोडतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाच्या खाली तो कधीच जाऊ शकत नाही. समजा जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना प्रोसेसर ६८ वर होता. म्हणजे खोलीपेक्षा ४६ अंश वर. मे महिन्यात खोली ३९ ला गेली की तोच प्रोसेसर, तोच कूलर, तेच काम, आणि आकडा ८५ च्या आसपास. फॅन बिघडला नाही, पेस्ट वाळली नाही, फक्त ऋतू बदलला.

कुठलीही चाचणी वाचताना म्हणून खोलीपेक्षा किती वर, तो आकडा शोधा आणि त्यात आपल्या खोलीचं सर्वांत वाईट तापमान मिळवा. बेळगाव शहरात त्यासाठी ३५-३६ धरलं तर चालतं, अथणी, रायबाग, गोकाककडे ४० धरा, पत्र्याच्या छपराखाली दुकान असेल तर त्याहून दोन-तीन जास्त. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा थोडी विरळ आहे, हे खरं. कूलरवर त्याचा परिणाम एक-दोन अंशांपलीकडे जात नाही, त्याचा विचार करत बसू नका.

डब्यावरचा वॅट आणि खरा वॅट

प्रोसेसरच्या डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं आणि तिथेच बऱ्याच जणांची फसगत होते. इंटेलच्या आय फाइव्ह १२४०० ला मूळ ६५ वॅट, पण टर्बोत, म्हणजे वेग वाढवताना, ११७ पर्यंत मुभा आहे. आय सेव्हन १४७०० वरही ६५ च छापलेलं असतं आणि त्याची टर्बोतली मुभा २१९ वॅट आहे. या दोघांच्या डब्यात कूलर मात्र तोच छोटा लॅमिनार आरएम१ येतो. बारावी-चौदावीच्या आय फाइव्हला तो निभावून नेतो, चौदावीच्या आय सेव्हनला उन्हाळ्यात नाही. 'के' अक्षराच्या प्रोसेसरांसोबत कूलर येतच नाही. आय फाइव्ह १३६००के १८१ वॅटपर्यंत जातो, आय सेव्हन १३७००के आणि आय नाइन १४९००के २५३ पर्यंत.

एएमडीकडे छापील आकडा आणि प्रत्यक्ष मर्यादा यांत साधारण पस्तीस टक्क्यांचा फरक असतो. ६५ वॅटच्या रायझन ५ ७६०० ची खरी मर्यादा ८८, १०५ वॅटच्या रायझन ७ ५८००एक्सची १४२, १७० वॅटच्या ७९५०एक्सची २३०. जुना रायझन ५ ५६०० मात्र ७६ वरच थांबतो, म्हणून तो आपल्या हवामानात इतका सुखाचा.

कूलरच्या डब्यावरही वॅट छापलेला असतो. दुकानात हमखास ऐकू येणारा संवाद असा :

"अण्णा, ह्याच्यावर २२० वॅट लिहिलंय की ओ. माझ्या आय सेव्हनला चालतंय की मग?"

"चालतंय की, न्या बिनधास्त."

या २२० ला काही अर्थ नाही. तो आकडा कसा मोजायचा याचं सगळ्यांना बांधील असं एकच माप नाही. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने, आपल्या थंड प्रयोगशाळेत मोजते. त्याऐवजी तांब्याच्या नळ्या किती, अॅल्युमिनियमच्या पात्यांचा गठ्ठा म्हणजे मनोरा एक की दोन आणि फॅन किती मोठा, हे बघा. त्या नळ्यांना हीटपाइप म्हणतात. आत थोडंसं द्रव असतं, ते प्रोसेसरपाशी वाफ होतं, पात्यांपाशी थंड होऊन परत येतं. ६ मिमीच्या चार नळ्या आणि १२० मिमीचा एक फॅन असलेला एका मनोऱ्याचा कूलर आपल्या उन्हाळ्यात सव्वाशे-दीडशे वॅटपर्यंत आरामात काम करतो. सहा नळ्यांचा, दोन मनोऱ्यांचा कूलर दोनशेच्या आसपास. त्यापलीकडे ३६० मिमीचा लिक्विड कूलर, नाहीतर प्रोसेसरला लगाम.

हा लगाम मला फार आवडतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत. इंटेलच्या बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडायच्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीएल१ आणि पीएल२ नावाच्या दोन मर्यादा असतात. कित्येक मदरबोर्ड त्या मोकळ्या सोडून देतात. आय सेव्हन १४७०० ला १२५ वॅटवर बांधा, रेंडरचा वेळ थोडासाच वाढतो आणि तापमान एकदम खाली येतं. रायझनमध्ये यालाच इको मोड म्हणतात. कूलरवर पाच-सहा हजार घालण्याआधी एक संध्याकाळ यावर घालवाच.

कामाचा प्रकारही बघा. टॅली, डीटीपी, सातबारा-उतारे छापणं, झेरॉक्सच्या दुकानातलं काम यांना डब्यातला कूलर पुरे. कॅडमध्ये पार्ट काढत बसणं हे बहुतांशी एक-दोन कोअरचं काम आहे, त्यात प्रोसेसर फार तापत नाही. पण त्याच पार्टचं सिम्युलेशन लावलं की सगळ्या कोअर तासन्‌तास भरलेल्या राहतात. लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांचंही तसंच : एप्रिल-मे म्हणजे सर्वांत जास्त मुहूर्त, सर्वांत जास्त एक्सपोर्ट आणि सर्वांत जास्त उष्णता, तिन्ही एकत्र. कूलरवर पैसे घालायचे तर अशांनी घालायचे.

सॉकेट

सॉकेट म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. हे थोडक्यात. इंटेलच्या १०व्या-११व्या पिढीचं सॉकेट एलजीए १२००, १२ ते १४ चं एलजीए १७००, त्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० चं एलजीए १८५१. एलजीए १७०० चे बहुतेक कूलर १८५१ वर बसतात. पण ११५१ किंवा १२०० साठी घेतलेला जुना कूलर १७०० वर थेट बसत नाही, कारण भोकांमधलं अंतर ७५ मिमीवरून ७८ मिमी झालं. वेगळं किट लागतं. एएमडीकडे एएम४ आणि एएम५. बोर्डाच्या मूळ पाठीमागच्या पट्टीलाच स्क्रू लावणारे एएम४ चे कूलर एएम५ वर चालतात. स्वतःची वेगळी पट्टी लावणारे चालत नाहीत, कारण एएम५ ची पट्टी निघत नाही. ओएलएक्सवर किंवा मित्राकडून जुना कूलर घेताना पट्ट्या, स्प्रिंगचे स्क्रू आणि फॅन धरणाऱ्या तारेच्या क्लिपा सगळं आहे ना, हे हातात घेऊन मोजा. एक स्क्रू कमी असला तरी तो आपल्याकडे सुटा मिळत नाही.

स्टीलची पट्टी घेऊन कॅबिनेट मोजा

घरी आणलेले कूलर परत करावे लागतात ते बहुतेक वेळा उंचीमुळे. काच बंदच होत नाही.

कॅबिनेटचं मॉडेल माहीत असेल तर कंपनीच्या पानावर कूलरची कमाल उंची दिलेली असते. आपल्याकडची बरीच स्वस्त कॅबिनेटं मात्र बिननावाची असतात, तिथे स्वतः मोजायचं. मशीन बंद करून केबल काढा, कॅबिनेट आडवं करा, पत्रा काढा. प्रोसेसरच्या शेजारी मदरबोर्डाच्या मोकळ्या जागेवर पट्टी उभी टेकवा आणि कॅबिनेटच्या काठापर्यंतचं अंतर बघा. बोर्डापासून प्रोसेसरचं डोकं साधारण ७ ते ८ मिमी वर असतं, म्हणून आलेल्या मापातून ८ वजा करा आणि आणखी ४-५ मिमी मोकळी ठेवा. समजा १७० आले, तर १५७ मिमीपर्यंतचा कूलर घ्यायचा.

आता उंची बघा : डीपकूल एजी४०० १५० मिमी, एके४०० १५५, थर्मलराइट असॅसिन एक्स १२० १४८, त्याच कंपनीचा दोन मनोऱ्यांचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५, डीपकूल एके६२० १६०, नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५. पाच मिमीने घोळ होतो तो असा. अगदी चपट्या कॅबिनेटासाठी थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ फक्त ४७ मिमीचा आहे, नॉक्टुआ एनएच-एल९आय ३७ मिमीचा. पण चपट्या कूलरवर ६५ वॅटपलीकडचा प्रोसेसर आपल्या उन्हाळ्यात लादू नका.

दुसरं माप रॅमचं. साधी रॅम ३२-३४ मिमी उंच असते, दिव्यांची रॅम ४५ च्या पुढे जाते आणि मोठ्या कूलरचा पुढचा फॅन तिच्यावर आपटतो. फॅन वर सरकवता येतो, पण तो जितका वर जाईल तितकी कूलरची उंची वाढली असं धरा. तिसरं, मदरबोर्डाच्या मागच्या पत्र्याला प्रोसेसरच्या जागी चौकोनी खिडकी आहे का बघा. नसेल तर पाठीमागची पट्टी लावायला अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागणार. दुकानदार त्याची मजुरी वेगळी घेतो आणि घ्यायलाच हवी.

हवेचा की पाण्याचा

आपल्या भागासाठी माझं मत स्पष्ट आहे : दोनशे वॅटच्या आत असाल तर हवेचाच घ्या.

लिक्विड कूलर वाईट नसतो. पण तो बिघडतो तेव्हा पंप बिघडतो आणि पंप सुटा मिळत नाही, अख्खा कूलर बदलावा लागतो. वॉरंटीत असला तरी तो कुरिअरने सर्व्हिस सेंटरला जाणार, ते बहुधा बेंगळुरू, पुणे किंवा मुंबईत, आणि तोवर मशीन बंद. लग्नाचा अल्बम द्यायचा राहिला असेल तर गिऱ्हाईक थांबत नाही. हवेच्या कूलरमध्ये हलणारी वस्तू एकच, फॅन. तो मेला तर १२० मिमीचा कुठलाही चांगला फॅन खडेबाजारातून, निपाणीतून, कोल्हापुरातून त्याच दिवशी मिळतो आणि मधल्या वेळेत कॅबिनेटचाच एक फॅन काढून तारेने बांधता येतो. शिवाय बंद लिक्विड कूलरमधलं द्रव वर्षानुवर्षं रबरी नळ्यांतून थोडं थोडं झिरपून कमी होतंच. तापलेल्या खोलीत ते लवकर होतं.

तरीही घ्यायचाच असेल, म्हणजे आय नाइन किंवा ७९५०एक्स पूर्ण ताकदीने चालवायचा असेल, तर ३६० मिमीचा घ्या. १२० मिमीचा लिक्विड कूलर घेण्यात काहीच मिळत नाही, त्या पैशांत दोन मनोऱ्यांचा हवेचा त्याच्याहून चांगला येतो. बसवताना रेडिएटरचा (द्रव थंड करणाऱ्या, फॅन लावलेल्या जाळीचा) काही भाग पंपापेक्षा वर राहील असं बघा. हवेचा बुडबुडा वरच चढतो आणि पंप सर्वांत उंच असेल तर तो पंपात जाऊन बसतो, मग गुरगुर सुरू होते.

करंट जाण्याचं काय, असं बरेच जण विचारतात. हेस्कॉमने अचानक करंट घालवला तर कूलरचं काही बिघडत नाही. प्रोसेसरही त्याच क्षणी बंद होतो, उष्णता तयार होणंच थांबतं. यूपीएस हवाच, पण तो डिस्कसाठी आणि पॉवर सप्लायसाठी. कूलरचे फॅन यूपीएसवरून दोन-तीन वॅटच ओढतात.

धूळ : इथे घाई करू नका

आपल्याकडे कूलर उष्णतेने हरत नाही, धुळीने हरतो. आणि आपल्या जिल्ह्यात धूळही गावागणिक वेगळी.

वडगाव, खासबाग, शहापूरकडे ज्यांच्या घरात किंवा शेजारी पॉवरलूम आहे, त्यांचा कूलर उघडून बघावा. वरून पाती चकचकीत दिसतात. पण फॅन धरणाऱ्या तारेच्या दोन क्लिपा सोडवून फॅन बाजूला केला की त्याच्या मागे, पात्यांच्या तोंडावर, सुताच्या तंतूंचा एक करडा थर बसलेला असतो. नखाने कोपरा उचलला की तो अख्खा एका तुकड्यात निघून येतो, पात्यांच्या रेघा त्यावर उमटलेल्या. त्यातून हवा जातच नव्हती. तो काढल्यावर त्याच कूलरवर तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. अशा घरात पाती अगदी दाट असलेला कूलर घेऊ नका, दोन पात्यांमध्ये दीड-दोन मिमी तरी फट हवी. फॅन तारेच्या क्लिपवर असावा, म्हणजे पाना न लावता निघतो. फॅनवर प्लॅस्टिकचं शोभेचं झाकण असलेले कूलर टाळा, ती झाकणं कोणी उघडत नाही आणि आत थर वाढत राहतो.

उद्यमबाग आणि मच्छेकडच्या कारखान्यांत धूळ वेगळी आणि जास्त धोक्याची. फाउंड्रीतली काळी भुकटी आणि मशिनिंगची बारीक धातूची कणी वीज वाहून नेते. तिथे कंप्युटर मशीनशेजारी न ठेवता काचेच्या केबिनमध्ये हवा, आणि कॅबिनेटला पुढे व खाली जाळी हवीच. साफ करताना एकदम ब्लोअर मारू नका, कणी बोर्डावर सगळीकडे पसरते. आधी मऊ ब्रशने झटकत व्हॅक्युमच्या तोंडाकडे ढकला, तोंड बोर्डाला टेकवू नका, मग उरलेल्यावर हलका ब्लोअर. कटिंग ऑइलचा ओशट वास येत असेल तर वर्षातून एकदा कूलर पूर्ण काढून पाती धुवावीच लागतात. फॅन काढून कोमट पाणी आणि भांड्याचं साबण लावायचं, उन्हात पूर्ण वाळवायचं आणि मगच परत बसवायचं.

निपाणीत तंबाखूच्या वखारींची भुकटी असते, ती दमट हवेत चिकटते. चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडे साखर कारखान्यांच्या हंगामात काजळी येते. खानापुरात लाल माती. आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात हीच धूळ ओली होऊन चिखलासारखी घट्ट बसते, म्हणून तिकडे पहिली सफाई मे अखेरीला, पाऊस लागायच्या आधी करा. पावसाळ्यात मशीन आठवडा-आठवडा बंद ठेवू नका, रोज तासभर चालवलं की आतली ओल उडते. तांब्याचा तळ काळपट पडला तर काळजी नको, त्याने थंडावा कमी होत नाही. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचांना पट्ट्या लावा. पाली उबेला तिथूनच आत शिरतात.

सगळ्यांसाठी सारखं : कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, फूटभर तरी वर उचला. आत हवा ओढणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेवा, म्हणजे हवा जाळीतूनच येते, प्रत्येक फटीतून नाही. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

फॅन, आवाज, दिवे

फॅन चार पिनांचा पीडब्ल्यूएम असलाच पाहिजे, वेग तापमानाप्रमाणे बदलतो. बेअरिंग साध्या स्लीव्हचं नको, फ्लुइड डायनॅमिक किंवा तत्सम घ्या. धुळीत आणि उष्णतेत टिकण्याचा फरक तिथे पडतो. दिव्यांनी थंडावा वाढत नाही. मुलांना आवडत असतील तर घ्या, पण दिव्यांसाठी एक नळी कमी झालेला कूलर घेऊ नका.

काय घ्यायचं, कुठे घ्यायचं

१२४००, ५६००, ७६०० असा प्रोसेसर आणि मध्यम काम असेल तर डीपकूल एजी४००, एके४००, थर्मलराइट असॅसिन एक्स १२० किंवा कूलर मास्टरचा हायपर २१२ घ्यावा. हे साधारण दीड ते अडीच-तीन हजारांत बसतात. रोज तासन्‌तास रेंडर किंवा एक्सपोर्ट असेल, प्रोसेसर दीडशे-दोनशे वॅटचा असेल, तर पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा एके६२०, साडेतीन ते पाच हजार. माझी पहिली पसंती पीअरलेस असॅसिनला, कारण तो १५५ मिमीतच मावतो आणि आपल्याकडच्या कॅबिनेटांत बसतो. नॉक्टुआ महाग आहे, पण सहा वर्षांची वॉरंटी आहे आणि नवं सॉकेट आलं की खरेदीचा पुरावा दाखवून बहुतेक मॉडेलांना बसवायचं किट फुकट देतात. दहा वर्षं एकच कूलर वापरायचा असेल तर हिशेब जमतो. भाव हलत असतात, आकडे अंदाजापुरते धरा.

दुकानातून घेतल्याचा एक फायदा असतो : डबा उघडून बघता येतो, बसवून मिळतो. ऑनलाइन निवड जास्त असते. कोल्हापूर आणि हुबळी, दोन्ही बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण फक्त कूलरसाठी जाण्यात अर्थ नाही. कुठेही घ्या, पक्कं बिल घ्या. त्यात १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून काही जण कच्च्या पावतीवर दोनशे-तीनशे वाचवतात आणि वर्षभराने वॉरंटीला कागद नसतो. ऑनलाइन आलेला डबा उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ करा. तीच गोष्ट पेस्टची : आर्क्टिक एमएक्स-४ च्या नावाने नकली माल फिरतो, फारच स्वस्त दिसली तर सोडा.

बसवताना

जुना कूलर काढताना एएम४ वाल्यांनी विशेष सांभाळायचं. त्या प्रोसेसरच्या खाली १,३३१ पिना असतात आणि वाळलेली पेस्ट त्याला कूलरला इतकी घट्ट धरते की सरळ वर ओढलं तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं सिनेबेंच चालवून तापवा, बंद करा, केबल काढा. कडी सोडा आणि कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळा. एका क्षणी पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, तो मऊ सरकतो. तेव्हाच उचला.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं लव न सोडणारं घ्या. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरिन मागे राहतं. नव्या कूलरच्या तळावरचा पारदर्शक कागद काढला ना, हे दोनदा बघा. पेस्ट अर्ध्या हरभऱ्याएवढी मधोमध. एलजीए १७०० चा प्रोसेसर लांबट असल्यामुळे तिथे एकाऐवजी उभे दोन छोटे ठिपके द्या. बोटाने पसरू नका, दाबाने ती आपोआप पसरते. धातूची द्रव पेस्ट लावायच्या भानगडीत पडू नका, ती वीज वाहून नेते आणि अॅल्युमिनियम खाते.

स्क्रू कर्णाने, थोडे थोडे आवळायचे : एक दोन वळसे, मग समोरचा दोन वळसे, असं करत स्प्रिंग तळाला लागेपर्यंत. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर तळ तिरका बसतो. फॅनची हवा कॅबिनेटच्या पुढून मागे जायला हवी. फॅनच्या चौकटीवर बाण असतो, नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. केबल सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा, दुसरीकडे लावली तर काही बोर्ड चालू होताना फॅन नाही म्हणून अडून बसतात.

चालू झाल्यावर पहिलीच चाचणी परत करा, त्याच दुपारच्या वेळेला, आणि आधीच्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. खोलीचं तापमान वेगळं असेल तर ते वजा करूनच तुलना करा. अपेक्षेएवढा फरक नसेल तर आधी पेस्ट आणि स्क्रू बघा, मग फॅनची दिशा. बायोसमधल्या फॅनच्या आलेखात ६० अंशांपर्यंत फॅन हळू, ७५ ला तीन-चतुर्थांश, ८५ ला पूर्ण असं ठेवलं तर दिवसभर शांत राहतो आणि एक्सपोर्टच्या वेळी धावून येतो.

पुण्याला किंवा बेंगळुरूला शिकायला जाणाऱ्या मुलांनी दोन मनोऱ्यांचा कूलर असलेलं मशीन बसमधून उभं नेऊ नये. एके६२० सारखा कूलर जवळजवळ दीड किलोचा असतो आणि हायवेवरच्या धक्क्यांनी तो वजन बोर्डावर टाकत राहतो. कॅबिनेट आडवं, मदरबोर्ड खाली येईल असं ठेवा, किंवा कूलर काढून वेगळा डब्यात न्या आणि तिकडे नवी पेस्ट लावून बसवा. एमएक्स-४ ची छोटी नळी सोबत असू द्या, ती एवढ्यासाठी दोन-तीनदा पुरते.